विवेकाची हरकत आणि देवीची लस

युद्धात माणसे मारणे आपल्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही, असे सांगून सैन्यात जाण्यास नकार देणाऱ्याला इंग्रजीत 'कॉन्शिअन्शस ऑब्जेक्टर' म्हणतात, हे इतिहास शिकवणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. १९१६ साली ब्रिटनमध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू झाली आणि हा शब्द घरोघर पोचला. पण तो सर्वतोमुखी झाला होता त्याच्याही अठरा वर्षे आधी, आणि त्याचा संबंध बंदुकीशी नव्हता. तान्ह्या मुलाला देवीची लस टोचून घेण्यास नकार देणाऱ्या आईबापांसाठी तो वापरला जाई. लष्कराने तो लसीकरणाच्या कायद्याकडून उसना घेतला, असे म्हटले तरी चालेल.

आपल्याकडे या कायद्याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. लसीचा इतिहास म्हटला की जेन्नर, गवळण आणि गाईच्या सडावरचे फोड एवढे येते, आणि मग एकदम १९८० साली देवी रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा येते. मधली पावणेदोनशे वर्षे 'अज्ञानी लोकांचा विरोध' या तीन शब्दांत उरकली जातात. आमच्या मते त्या तीन शब्दांत पुष्कळ काही दडपले गेले आहे. विरोध करणारे सगळे अज्ञानी नव्हते आणि सक्ती करणारे सगळे शहाणे नव्हते. शिवाय, विरोधाला कायद्यात किती जागा द्यावी हा प्रश्न नुसता न्यायाचा नाही. त्याचे उत्तर काही अंशी रोगजंतूच ठरवतो. ते कसे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ.

इंग्लंडमध्ये १८५३ च्या कायद्याने बाळ जन्मल्यावर तीन महिन्यांत लस टोचणे सक्तीचे झाले. १८६७ मध्ये दंडाची कलमे कडक झाली आणि १८७१ मध्ये प्रत्येक भागात लसीकरण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. एकदा दंड भरून सुटका होत नसे. मूल टोचलेले नाही असे दिसले की पुन्हा दंड, न भरल्यास घरातील सामानाची जप्ती, तेही नसेल तर तुरुंग. श्रीमंताला दंडाचे काही वाटत नसे. विणकऱ्याच्या किंवा चांभाराच्या घरातून मात्र खुर्च्या आणि घड्याळ उचलले जाई. लीस्टर या कापड आणि जोड्यांच्या कारखान्यांच्या गावात हा असंतोष इतका वाढला, की मार्च १८८५ मध्ये तेथे हजारो माणसांचा प्रचंड मोर्चा निघाला.

या लोकांची हरकत नेमकी कशाला होती? त्या काळची लस आजच्यासारखी काचेच्या कुपीतून येत नसे. एका मुलाला टोचायचे, आठवडाभराने त्याच्या दंडावर फोड भरला की त्यातील पाणी घेऊन दुसऱ्या मुलाला टोचायचे, अशी ती हातोहात पुढे जाई. पहिल्या मुलाच्या रक्तात दुसरा एखादा रोग असेल तर तोही पुढे जाई. १८६१ साली इटलीतील रिव्हाल्टा गावी अशा टोचण्यातून अनेक मुलांना उपदंश झाला होता. शिवाय टोचणारे हत्यार निर्जंतुक करण्याची कल्पनाच नव्हती. जंतूंमुळे रोग होतात हे तत्त्व अजून सर्वमान्य व्हायचे होते. एकदा लस घेतली की जन्मभराचे काम झाले, असे डॉक्टर सांगत, तेही खरे नव्हते. काही वर्षांनी संरक्षण क्षीण होई आणि टोचलेल्यांनाही देवी येत. तेव्हा हरकत घेणाऱ्यांच्या दाव्यांत अतिशयोक्ती भरपूर असली, तरी त्यांच्या भीतीला आधार होता. लस देवीपासून वाचवत नाही, हा त्यांचा मुख्य दावा मात्र साफ चूक होता.

सरकारने १८८९ मध्ये रॉयल कमिशन नेमले. कमिशनने सात वर्षे साक्षी घेतल्या. ते अहवाल लिहीत असतानाच, १८९५-९६ मध्ये, ग्लॉस्टर या लसीकरण ढिले पडलेल्या गावात देवीची साथ आली आणि चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत लहान मुलांचाच भरणा अधिक होता. तरीही कमिशनने लसीची उपयुक्तता मान्य करतानाच, प्रामाणिक हरकत असलेल्या पालकांना वारंवार शिक्षा करू नये अशी शिफारस केली. त्यातून १८९८ च्या कायद्यातील ते प्रसिद्ध कलम आले. मूल जन्मल्यापासून चार महिन्यांच्या आत पालकाने न्यायाधीशांसमोर जावे, लसीने आपल्या मुलाच्या प्रकृतीस अपाय होईल असे आपण सदसद्विवेकबुद्धीने मानतो याची त्यांची खात्री पटवावी आणि सुटकेचा दाखला घ्यावा. पहिल्या काही महिन्यांतच असे दोन लाखांहून अधिक दाखले दिले गेले.

आता, एखाद्याच्या विवेकाची 'खात्री' न्यायाधीशाने पटवून घ्यायची तरी कशी? काही न्यायाधीश पालकांची टर उडवीत, काही सरळ नाकारीत. आई आली तर बापाला पाठव म्हणत, कारण कायद्याच्या दृष्टीने पालक तो. शेवटी १९०७ मध्ये नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे ठरले आणि १९४८ पासून ब्रिटनमधील लसीकरणाची सक्तीच संपली. अमेरिकेत निराळेच झाले. तेथे सक्ती घराला न करता शाळेच्या दारात केली गेली. लस नसेल तर शाळेत प्रवेश नाही, असे नियम अनेक राज्यांनी केले आणि १९०५ व १९२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचा हा अधिकार उचलून धरला. सवलत द्यायची की नाही ते मात्र राज्यांवर सोडले. कॅलिफोर्नियाने तर, असलेली सवलत २०१५ मध्ये काढून घेतली.

हे झाले साहेबाच्या देशात. त्याच साहेबाच्या राज्यात आपल्याकडे काय होते?

लस भारतात आली ती मुंबईमार्गे. बगदाद आणि बसरा येथून हातोहात आलेली ही लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लागू पडली, आणि तिच्या दंडावरच्या फोडातून ती पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी गेली. म्हणजे पेशवाई असतानाच ती पुण्यात पोचली होती. मराठी भाषेने तिला आपल्या परीने सामावून घेतले. रोगाला आपण 'देवी' म्हणतो, तो झाला की 'देवी आल्या' म्हणतो. मग लस टोचण्याला नाव पडले 'देवी काढणे', आणि खेडोपाडी टोचत फिरणारा सरकारी माणूस झाला 'देवी डॉक्टर'. शब्द बारकाईने पाहिला तर त्यात विरोध नाही, तडजोड आहे. देवी अंगात यायचीच असेल तर ती बेताने आणि ठरवून आणवावी, असा काहीसा भाव त्यात आम्हाला दिसतो.

परंतु हातोहात लसीची अडचण येथे इंग्लंडहून अधिक होती. कोणाच्या मुलाच्या दंडातले पाणी कोणाच्या मुलाला टोचायचे? ज्या समाजात पाण्याचा घडा वेगळा, तेथे हा प्रश्न किती तापला असेल, हे सांगायला नको. फोड भरलेले मूल टोचणीसाठी गावोगाव फिरवावे लागे. अशी मुले बहुधा गरिबांची असत, आणि फोडातून पाणी काढताना त्यांना वेदना होत. त्यांच्या आयांनी मुले लपवली, तर त्याला आम्ही अज्ञान म्हणणार नाही. पुढे वासराच्या अंगावर वाढवलेली लस आली, तेव्हा जातीची अडचण संपली आणि गाईची सुरू झाली.

सक्तीचा कायदा प्रथम मुंबई शहरासाठी १८७७ साली झाला. १८८० मध्ये हिंदुस्थान सरकारने एक व्हॅक्सिनेशन ॲक्ट केला. तो काही प्रांतांतील नगरपालिकांसाठी आणि लष्करी छावण्यांसाठी होता. नागपूरसह मध्य प्रांत त्यात येत होता. मुंबई शहराबाहेरच्या इलाख्यासाठी १८९२ चा वेगळा कायदा आला. यांपैकी १८८० चा कायदा वाचण्यासारखा आहे. इंग्लंडमधल्या भांडणातून कायदा लिहिणारे काय शिकले होते आणि काय शिकले नव्हते, ते त्यात स्पष्ट दिसते.

हा कायदा एखाद्या गावाला लावायचा तर सरकारने आधी तशी सूचना प्रसिद्ध करायची. मग गावातील कोणाही रहिवाशाने सहा आठवड्यांच्या आत लेखी हरकत घ्यावी आणि सरकारने तिचा विचार करावा, अशी तरतूद होती. वरवर पाहता ही इंग्लंडपेक्षाही उदार वाटते. पण नीट पाहिले तर हरकत घेता येत होती ती गावाला कायदा लावण्याबद्दल. एकदा कायदा लागू झाला, की 'माझ्या मुलाला नको' असे सांगण्याचा वैयक्तिक मार्ग उरत नव्हता. गावाला विवेक होता, माणसाला नव्हता! मुलगा चौदा वर्षांचा आणि मुलगी आठ वर्षांची होईपर्यंत कायद्याचा हात पोचत असे. मुलींची मर्यादा इतकी अलीकडे का ठेवली असेल, हे त्या काळचे लग्नाचे वय आठवले की कळते. ज्याला आपण विवेकाची जागा म्हणू, ती या कायद्यात एकाच ठिकाणी सापडते. लस माणसाच्या फोडातली हवी की जनावराच्या, हे काही अटींवर पालकाला निवडता येई. जनावराची लस मागणाऱ्याला त्यासाठी शुल्क पडे, जास्तीत जास्त एक रुपया. टोचायचे की नाही हे विचारायचे नाही, काय टोचायचे ते सांगा, असा सगळा मामला.

प्रत्यक्षात कायद्याची अंमलबजावणी ढिली होती. विवेकाची जागा कायद्यात नसल्यामुळे ती कायद्याबाहेर तयार झाली. मूल मामाकडे पाठवणे, देवी डॉक्टर येण्याच्या दिवशी घराला कुलूप लावणे, टोचून झाल्यावर दंड घासून पुसून धुणे, हे आपल्याकडचे हरकतीचे अर्ज. इंग्लंडमधला विरोधक मोर्चा काढी आणि पत्रके छापी, म्हणून त्याचा इतिहास लिहिला गेला. कुलूप लावून गेलेल्याचा इतिहास सरकारी अहवालात 'टाळाटाळ' या शब्दाखाली राहिला.

येथे पुण्याकडे वळणे भाग आहे, कारण सक्ती आणि विवेक यांची सर्वांत भयंकर टक्कर पुण्यातच झाली. निमित्त मात्र लसीचे नव्हते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा. त्यात साथ थांबवण्यासाठी सरकारला वाटतील ते उपाय करण्याची मुभा होती, मोडणाऱ्याला शिक्षा होती आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला पूर्ण संरक्षण होते. नागरिकाच्या हरकतीला एक ओळही नव्हती. त्याच कायद्याच्या जोरावर रँडच्या प्लेग कमिटीने गोरे शिपाई घराघरांत पाठवले. सदाशिव, नारायण, शनिवार अशा पेठांतील वाड्यांतून ते माजघरापर्यंत, देवघरापर्यंत गेले. आजही सदाशिव पेठेत एखादा जुना वाडा पाडायला काढला, की दारापासून माजघरापर्यंतचे ते अंतर डोळ्यांनी मोजता येते. फार तर वीस-पंचवीस पावले. पण ती ओलांडणे म्हणजे काय, हे रँडला कळले नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याच्यावर गोळी झाडली गेली.

वर्षे जुळवून पाहण्याचा आम्हाला नाद आहे. दामोदर चापेकरांना फाशी झाली १८ एप्रिल १८९८ रोजी. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, लंडनमध्ये विवेकाच्या कलमाचा कायदा मंजूर झाला. एकाच राज्यात, एकाच वर्षी, लीस्टरच्या चांभाराला सदसद्विवेकबुद्धी असल्याचे कायद्याने मान्य केले आणि पुण्याच्या माणसाला तसे विचारण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

प्लेगच्या दंगलीतून सरकार काहीच शिकले नाही, असे मात्र नाही. हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार करून जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतली होती. ही लस सरकारने सक्तीची केली नाही. त्याऐवजी, टोचून घेतल्याचा दाखला असणाऱ्याला प्रवासातील अडवणूक आणि विलगीकरण यांतून काही सवलती दिल्या. न टोचणाऱ्याला शिक्षा नाही, टोचणाऱ्याला सोय. २०२१ साली मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस घेतलेल्यांनाच प्रवेश होता, तेव्हा ही युक्ती नवी असल्यासारखी चर्चा झाली. ती सव्वाशे वर्षांची जुनी होती.

हिंदुस्थानात विवेकाची हरकत उघडपणे आणि त्याच नावाने मांडणारा माणूस पुढे आला, तो म्हणजे मोहनदास गांधी. लंडनमध्ये ते बॅरिस्टरीसाठी १८८८ ते १८९१ होते आणि शाकाहारी मंडळींत वावरत होते. त्या वर्तुळात लसीकरणाला विरोध करणारे पुष्कळ होते, आणि रॉयल कमिशन नेमले गेले तेव्हा गांधी तेथेच होते. १९१३ साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील आपल्या 'इंडियन ओपिनियन' मध्ये आरोग्यावर गुजराती लेखमाला लिहिली. तीत देवीच्या लसीला त्यांनी घाणेरडा आणि धर्मबाह्य उपाय म्हटले. शास्त्र म्हणून त्यांची मते टिकणारी नव्हती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. देवी हा अशुद्ध राहणीचा परिणाम असून ती संसर्गाने होतेच असे नाही, अशा दिशेने त्यांचा युक्तिवाद जातो. पण त्याच लेखात हरकत घेणाऱ्यांसाठी त्यांनी ज्या अटी घातल्या, त्या कोणत्याही कायद्यापेक्षा कडक आहेत. ज्याला विवेकाने लस नको वाटते त्याने कायद्याची सगळी शिक्षा भोगण्यास आणि सर्व जगाविरुद्ध एकटे उभे राहण्यास तयार असावे. ज्याची हरकत आरोग्याच्या कारणाने आहे त्याने त्या विषयाचा पुरा अभ्यास करावा आणि इतरांना पटवून देता येईल इतकी तयारी ठेवावी. आणि ज्याच्यापाशी ना ठाम मत आहे ना धैर्य, त्याने मुकाट्याने कायदा पाळावा. आजच्या लसविरोधकांपैकी किती जण या चाळणीतून खाली उतरतील, असा प्रश्न आम्हाला पडतो.

या अटींत एक मोठी फट आहे, आणि ती १९३० च्या सुरुवातीस साबरमतीला उघडी पडली. आश्रमात देवीची साथ आली. तीन मुले दगावली. त्यांतील एक मुलगा पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा. खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, मूळचे तासगावचे. आश्रमाची प्रार्थना आणि भजने त्यांनी बसवली. आपल्याकडे संगीताच्या इतिहासात त्यांचे नाव येते, लसीच्या इतिहासात येत नाही. मुलांना टोचू नये, असे या पालकांना पटवले होते ते गांधींनीच. तसे त्यांनी स्वतःच बोलून दाखवले, आणि हे मृत्यू आपल्या अज्ञानाचे आणि हट्टाचे फळ तर नसेल ना, अशी शंकाही व्यक्त केली. त्या दिवसांत ते अतिशय व्यथित होते. तरी मत त्यांनी बदलले नाही. १२ मार्चला दांडीकडे जी तुकडी निघाली, तीत खरे होते. वाटेत भजने त्यांनीच म्हटली.

शिक्षा भोगण्याची तयारी ठेवा, असे गांधी म्हणाले होते. तुरुंगाची शिक्षा बाप भोगू शकतो. देवीची शिक्षा तो भोगू शकत नाही, ती मुलाच्या वाट्याला येते. सैन्यात जाण्यास नकार देणारा स्वतःच्या देहाबद्दल बोलत असतो. लसीला नकार देणारा पालक दुसऱ्याच्या देहाबद्दल बोलत असतो, भले तो 'दुसरा' त्याचा पोटचा गोळा असो. १८९८ च्या कायद्याने या दोन गोष्टी एका शब्दात बांधल्या, आणि त्या गाठीने कायदेपंडितांना आजतागायत सतावले आहे.

आता या मुलाच्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे काय, ते पाहू. येथे थोडे गणित लागेल, पण आठवीच्या वर्गात करण्याजोगे आहे. गोवरचा एक रोगी, कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात आला, तर सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. आपण १५ धरू. साथ विझायची तर एका रोग्याने सरासरी एकाहून कमी जणांना रोग दिला पाहिजे. म्हणजे त्याला भेटणाऱ्या १५ पैकी किमान १४ जण सुरक्षित हवेत. ६०० मुलांच्या शाळेत याचा अर्थ असा, की असुरक्षित मुले ४० च्या आत राहिली पाहिजेत. लसीचे दोन डोस घेऊनही शंभरातील सुमारे ३ जणांना पुरती शक्ती येत नाही. म्हणजे सगळ्यांनी लस घेतली तरी १८ मुले असुरक्षितच. उरल्या २२ जागा. त्यांतून रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारामुळे ज्यांना ही लस देताच येत नाही, ती मुले वजा करा. ज्यांचे डोस गावाहून येताना, काम शोधत फिरताना राहून गेले, ती वजा करा. मग विवेकासाठी किती जागा शिल्लक राहतात, ते प्रत्येक शाळेने आपल्या पटावर मोजून पाहावे.

हेच गणित देवीचे केले तर चित्र पालटते. देवीचा एक रोगी साधारण पाच-सहा जणांना रोग देई. पाच धरले तर ६०० च्या शाळेत १२० मुले असुरक्षित राहूनही साथ विझू शकते. शिवाय देवीचा रोगी अंगावर पुरळ उठल्यावर ओळखू येतो आणि मुख्यतः त्यानंतरच रोग पसरवतो. त्याच्या संपर्कातील माणसाला दोन-चार दिवसांत लस टोचली तर बहुधा तो वाचतो. लीस्टरने नेमका याच गोष्टीचा फायदा घेतला. सरसकट लसीकरण सोडून त्या गावाने रोग्याची ताबडतोब नोंद, इस्पितळात विलगीकरण आणि संपर्कातील माणसांवर नजर, अशी पद्धत बसवली. तेथे ग्लॉस्टरसारखा संहार झाला नाही. पुढे १९६७ पासून जागतिक आरोग्य संघटनेने 'शोधा आणि वेढा घाला' ही जी पद्धत वापरून देवीचा नायनाट केला, तिचे मूळ रूप विरोधकांच्या या गावात दिसते, हा इतिहासातला गमतीचा भाग. पण लीस्टरमध्ये रोग्यांची शुश्रूषा करणारे मात्र टोचून घेतलेले असत, हे विरोधकांच्या पत्रकांत सहसा सापडत नाही.

तात्पर्य, देवीच्या जंतूने विवेकाला जी जागा ठेवली होती ती गोवरचा जंतू ठेवत नाही. धनुर्वात तर एकाचा दुसऱ्याला होतच नाही. तेव्हा धनुर्वाताची लस नाकारणारा पालक शेजाऱ्याला धोका देत नाही, धोका फक्त स्वतःच्या मुलाला देतो. 'लसीकरण' या एका शब्दाखाली या तिन्हींना एकच नियम लावणारा कायदा कुठे ना कुठे अन्याय करणारच. आणखी एक गोष्ट गणितात धरलेली नाही. हरकत घेणारे समाजात विखुरलेले नसतात. ते एकाच कुटुंबात, एकाच गल्लीत, एकाच पंथात असतात. जिल्ह्याची सरासरी ९५ टक्के असली तरी एखाद्या वस्तीत ती ६० असू शकते, आणि साथ वस्तीत येते.

देवीच्या शेवटच्या मोहिमेत, १९७० च्या दशकाच्या मध्यास, कायद्याचा आणि विवेकाचा विचार पुन्हा बाजूला पडला. त्या वेळच्या बिहारमधील सिंगभूमच्या भागात रात्री एका हो आदिवासी प्रमुखाच्या घराचे दार फोडून त्याला आणि घरच्यांना जबरदस्तीने टोचल्याची हकिकत मोहिमेतील अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स ब्रिलियंट यांनी लिहून ठेवली आहे. देवाच्या इच्छेपुढे मान तुकवणे हा आपला धर्म, म्हणून तो विरोध करत होता. झटापट संपल्यावर त्याने परसातली काकडी तोडून डॉक्टरांच्या हाती दिली. तुम्ही तुमच्या धर्माने वागलात, मी माझ्या, आता तुम्ही माझे पाहुणे, असा त्याच्या बोलण्याचा आशय. भारतातील शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये सापडला. त्या रात्रीशिवाय तो शेवटचा ठरला असता का, यावर तज्ज्ञांत आजही एकमत नाही.

आज आपल्याकडे कायदा काय म्हणतो? १८८० चा कायदा २००१ मध्ये रद्द झाला. मुलांना लस दिलीच पाहिजे, असा देशव्यापी कायदा सध्या नाही. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. 'आरोग्य' हा शब्द तेथे मुद्दाम आहे. मात्र २ मे २०२२ रोजी कोविड लसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, तो मुख्यतः २१ व्या अनुच्छेदावर, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कावर आधारून. कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकते, परंतु ते प्रमाणात हवेत. लस न घेतलेला माणूस घेतलेल्यापेक्षा अधिक रोग पसरवतो असे दाखवणारी माहिती सरकारने पुढे ठेवली नाही, म्हणून त्या वेळचे निर्बंध न्यायालयाला प्रमाणशीर वाटले नाहीत. म्हणजे न्यायालयानेही अखेर जंतूच्या वागणुकीचाच पुरावा मागितला. गोवरच्या बाबतीत असा पुरावा भरपूर आहे. उद्या तसे प्रकरण न्यायालयासमोर आले तर निकाल तोच लागेल असे धरून चालता येणार नाही.

शिक्षकांचा या सगळ्याशी थेट संबंध आला तो २७ नोव्हेंबर २०१८ पासून. त्या दिवशी महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाची तीन कोटींहून अधिक मुले, आणि सुरुवात शाळांपासून. दिल्लीत पालकांची संमती न घेता शाळेत लस देण्याचे ठरले होते, त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये संमती टाळता येणार नाही असे सांगितले. लसीचे संभाव्य दुष्परिणाम जाहिरातीत दिले तर पालक घाबरतील, हा सरकारचा युक्तिवादही न्यायालयाने मानला नाही. आमच्या मते ते योग्यच झाले. माहिती लपवून मिळवलेली संमती पहिल्याच अफवेला कोसळते.

सदाशिव पेठेतील एका शाळेतील परिचित बाईंनी या मोहिमेनंतर आम्हाला विचारले होते, की एका पालकाने 'आमचा विश्वास नाही' एवढेच लिहून चिठ्ठी परत पाठवली, तर मी पुढे बोलावे की नाही? कायद्याने त्यांना गप्प राहायला सांगितलेले नाही आणि बोलायलाही सांगितलेले नाही. आम्ही त्यांना म्हटले, पालकांना भेटा आणि विश्वास कशावर नाही ते विचारा. लसीवर, सरकारवर, की इंजेक्शन देणाऱ्याच्या हातावर? तिघांना उत्तरे वेगवेगळी आहेत. बाई भेटून आल्या. पालकांना लसीबद्दल काहीच म्हणायचे नव्हते. थोरल्या मुलाला एका दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर गळू झाले होते आणि तेथे कोणी त्यांचे ऐकून घेतले नव्हते. धाकटीला दुसरीकडे लस द्यायला ते तयार होते. ती त्यांनी दोन आठवड्यांनी दिली, आणि कार्ड वर्गात आणून दाखवले.